केसरीनाथचा डावा पाय

काल्हेरच्या केसरीनाथला पायात रक्ताची गुठळी झाली ती बसून बसून. भातशेतीवर मुरूम पडला, वर गोडाऊन उभं राहिलं, आणि जन्मभर चिखल तुडवलेला हा आगरी गडी गेटाशी प्लास्टिकच्या खुर्चीत दिवस काढू लागला. एका सकाळी डावी पोटरी भोपळ्यासारखी सुजली. इस्पितळातून सोडताना डॉक्टर म्हणाला, "गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि रोज चालायचं, काका. तुम्ही खुर्ची धरलीत, तर गुठळी पुन्हा पाय धरेल."

चालायचं कुठं? रस्त्यावर कंटेनरांची रांग. भाडेकरू गेल्यानं गोडाऊन रिकामं पडलं होतं. तो तिथंच फेऱ्या मारू लागला. डावा पाय लादीवरून फरफटत यायचा. पण एका ठिकाणी तो आपसूक उचलला जायचा, चांगला गुडघाभर, आणि पलीकडं पडायचा. जातानाही, येतानाही. केसरीनाथनं शटरपासून अंदाज घेतला आणि त्याच्या अंगावर काटा आला. तिथं त्याच्या शेताचा बांध होता. आता पार खाली, मुरुमात गाडलेला.

बायकोला सांगितलं तर काशी खिदळली. "अवो, रगत पातल करायची गोली डोक्यान गेली जनू!"

ती सोबत आली, पुढं चालू लागली. त्या जागी तिनं लुगडं चिमटीत धरून वर घेतलं आणि पाय टाकला.

"लुगरा का उचलला गो?"

तिनं आपल्याच हाताकडं पाहिलं. मग हसली नाही.

थोडं पुढं गेल्यावर केसरीनाथचा डावा पाय थांबला. उजवा ओढतोय, पण हा हलेना. मांडीपर्यंत गार पडत चालला.

"हितं आपली बाव व्हती," काशी पुटपुटली. बाव म्हणजे शेतातली विहीर. "बुजवताना तुमची आई बोलली व्हती, बावंला श्वास घ्याला नली ठेवा. तुमाला घाई डंपरवाल्याची."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मुलगा देवेश ड्रिल मशीन घेऊन आला, तणतणत. "बाबा, नवीन लादी हाय! लोक येरा, पागल बोलतील."

"बोलूं दे. पाय माझा हाय ना? मार भोक."

बराच वेळ मशीन किंचाळलं. मग टोक एकदम आत बुडालं. देवेशनं भोकावर तळहात धरला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"वारा येतंय, बाबा. ओला."

"तुमी उभं नका राहू," काशीनं नवऱ्याला पाठीमागून रेटलं. "चला."

केसरीनाथ चालला. पाय सुटला होता, नीट पडत होता. मागं भोकातून वारा यायचा, ओसरायचा, पुन्हा यायचा. दम लागला म्हणून तो भिंतीला टेकला, तशी वाऱ्याची चाहूलही थांबली.

देवेशनं वाकून भोकावर हात धरला. काही नाही. केसरीनाथनं एक पाऊल टाकलं.

"आला," देवेश म्हणाला, अगदी बारीक आवाजात.

केसरीनाथनं भिंत सोडली. पोटरी दुखत होती, घशाला कोरड पडली होती. तो चालत राहिला.