दार चुकवून जाणारी किटली

नवऱ्याची बदली झाल्याचं मला त्याच्याआधी भाजीवालीकडून कळलं, आणि तिथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. शिक्षकांच्या बदल्या आता ऑनलाइन होतात, यादी मोबाईलवर येते, आणि भोरसारख्या गावात ती घरोघर पोचायला पाच मिनिटं पुरतात. यादीत त्याच्या नावापुढे वेल्ह्याच्या पार पश्चिम टोकाची एक वाडी होती. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण माझ्या तोंडात अजून वेल्हेच बसलंय. मार्गासनीवरून वेल्हे, पुढे तोरण्याला वळसा घालून खिंड, खिंड उतरली की गडाच्या सावलीतला उतार, आणि त्या उताराच्या शेवटी सतरा घरं. दिवसातून एक एसटी. तीही पावसाळ्यात खिंडीच्या अलीकडूनच परत फिरते.

"राहायला कशाला जाताय? अप-डाउन करायचं," असं मला भोरमध्ये भेटेल त्या माणसाने सांगितलं. आधीचे गुरुजी म्हणे पाच वर्षं पुण्याहून येऊन-जाऊन करत होते. नियम असा की शिक्षकाने शाळेच्या गावी राहायचं, आणि तो राहतो असा ग्रामसभेने ठराव द्यायचा. गुरुजी राहत नव्हते, ठराव मात्र दरवर्षी मिळत होता. सगळे हे हसत हसत सांगायचे, जशी काही गुरुजींनी मोठी हुशारी केली होती. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वाडीतल्या पोरांची शाळा बारा वाजता सुरू आणि तीनला बंद, कारण गुरुजींना पुणं गाठायचंय, यात हसण्यासारखं काय आहे?

मी नवऱ्याला सांगितलं, आपण राहायला जायचं. पोरगी पण त्याच शाळेत दुसरीत घालायची. तो म्हणाला, "नीट विचार कर. तुझ्या शिकवण्या आहेत इथे." मी म्हटलं, "केला विचार." केला नव्हता. रागाच्या भरात माणूस जे बोलतो ते मी बोलले होते, आणि एकदा बोलल्यावर मागे फिरायची मला सवय नाही.

टेम्पोत कपाट, गाद्या, गॅस आणि वॉशिंग मशीन घालून आम्ही निघालो. मशीन नेऊ नका असं टेम्पोवाल्याने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तिथल्या विजेवर ते आजतागायत दोनदा फिरलंय, आता त्यात मी तांदूळ ठेवते. घर दोन खोल्यांचं, मालक पुण्यात कंपनीत. शेजारच्या मावशींनी दार उघडून दिलं. साठीच्या असतील, सडपातळ, कमरेला पदर खोचलेला, आणि बोलणं असं की समोरच्याने पुढचं विचारूच नये. सामान उतरून होईपर्यंत त्या ओट्यावर बसून होत्या. मी दाराचं जुनं गंजकं कुलूप काढून टेम्पोवाल्याबरोबर मालकाकडे पाठवून दिलं आणि भोरहून आणलेलं नवंकोरं, हाताच्या पंज्याएवढं कुलूप कडीला अडकवलं.

"जुनं कुलूप काडलं व्हय?" मावशींनी विचारलं.

"हो. हे चांगलं आहे, कुणाला तुटायचं नाही."

त्या उठल्या आणि गेल्या. मला वाटलं, या बाईला चहा विचारायला हवा होता.

आम्ही खरोखरच राहिलो. शाळा साडेदहाला भरायला लागली आणि पाचला सुटायला लागली. शनिवारी अर्धा दिवस झाला की भोरला जायचो आणि रविवारी संध्याकाळी परत. भोरचं घर तसंच ठेवलं होतं, त्याची किल्ली शेजारणीकडे असायची, ती तुळशीला पाणी घालायची. वाडीतल्या नववी-दहावीच्या पोरी खिंड ओलांडून हायस्कूलला जात. त्यांना मी संध्याकाळी गणित शिकवायला घेतलं. कुणाचा पीकविम्याचा फॉर्म, कुणाचं आधार, कुणाचं मोबाईलवर काहीतरी अडकलेलं, सगळं आमच्या ओट्यावर यायचं. एका पावसाळ्यात वरच्या घरातल्या सुनेला आमच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं, चिखलात गाडी ढकलत. हे सगळं मी उपकार म्हणून सांगत नाही. मी ते मनात मोजून ठेवलं होतं, हे मात्र खरं, आणि कशासाठी मोजलं ते आता सांगते.

वाडीच्या डोक्यावर देवीचं देऊळ आहे. पत्र्याचं छप्पर, समोर एक चाफा. तिथला संध्याकाळचा दिवा वाडीतली घरं पाळीने लावतात. एक ॲल्युमिनियमची किटली आहे, चोच जराशी वाकलेली. ज्याची पाळी, त्याने घरच्या तेलाने ती भरायची, दिवस मावळताना देवळात जाऊन दिवा लावायचा, आणि सकाळी ती किटली पुढच्या घराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायची. कुणी कुणाला निरोप देत नाही. उंबऱ्यावर किटली दिसली की आज आपण. दिवा लावायला बहुतेक घरची पोरं जातात, आणि मागून वाडीतली बाकीची सगळी पोरं.

आमची पोरगी पहिल्याच आठवड्यात त्या घोळक्यात सामील झाली. आमच्या वरच्या घरी किटली आली, त्या दिवशी तिने हिशेब केला, उद्या आपण. सकाळी सहाला उठून ती दारात उभी राहिली. किटली आली, आमच्या अंगणातून गेली आणि मावशींच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. मी तिला म्हटलं, "आपण नवीन आहोत ना, पुढच्या वेळी येईल."

पुढच्या वेळीही ती अशीच गेली. त्याच्या पुढच्याही. सोळा दिवसांनी फिरून यायची, आणि आमचं दार आलं की न थांबता पुढे जायची. पोरगी एकदा देवळाच्या वाटेवर किटली धरायला गेली तर एका पोराने तिचा हात बाजूला केला, "तुझ्या घरची पाळी नसती." त्याने ते भांडून म्हटलं नव्हतं, आज रविवार आहे असं सांगावं तसं सांगितलं होतं. ती घरी येऊन रडलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं, तिने शाम्पूच्या रिकाम्या बाटलीला सुतळी बांधली होती, तीत पाणी भरलं होतं, आणि आमच्याच घराभोवती फेरी मारून आमच्याच उंबऱ्यावर ती ठेवत होती.

त्या दिवसापासून माझा राग काही केल्या बसेना. नवरा म्हणायचा, विचार ना सरळ. मी म्हणायचे, मी का विचारू? भीक मागायची का? आमचं गणित चालतं, आमची गाडी चालते, आमचं तेल चालत नाही? त्यातच ग्रामसभेचा ठराव आला. 'सदर शिक्षक मुख्यालयी वास्तव्यास आहेत.' मी नवऱ्याच्या फाइलमधला आधीच्या गुरुजींचा ठराव काढून बघितला. शब्दन् शब्द तोच, फक्त नाव बदललेलं. जो कधी राहिला नाही त्यालाही हाच कागद आणि आम्ही पोराबाळासकट येऊन राहिलो, आम्हालाही हाच. मी तो कागद फाडणारच होते, नवऱ्याने हातातून काढून घेतला.

आणि मग एके दिवशी मी ते बघितलं. आमच्या समोरच्या ओळीत एक घर आहे, त्यातली माणसं कधीची मुंबईला गेलेली. वळचणीला कोळिष्टकं, अंगणात टाकळा गुडघ्याएवढा वाढलेला. त्या घराच्या उंबऱ्यावर सकाळी किटली ठेवलेली होती. मी दुपारभर बघत राहिले, कुणी उचलून पुढे नेतं का. कुणी नेली नाही. संध्याकाळी देवळात दिवा लागला आणि दुसऱ्या दिवशी किटली तिथून नियमाप्रमाणे पुढच्या घरी गेली. मग मी मोजायला बसले. सतरातली आठ घरं बंद होती, आणि त्या आठांपैकी एकाचीही पाळी चुकत नव्हती. वाडीत माणसं असलेलं एक घर सुटत होतं, ते आमचं.

मी तशीच पायात चप्पल न घालता मावशींकडे गेले. त्या दारात सूप घेऊन नाचणी पाखडत होत्या.

"मावशी, आज मला एक सांगा. ज्या घरात उंदीर राहतात त्या घराला पाळी आहे, आणि आम्हाला नाही? आम्ही काय परके म्हणून आलोय? आधीच्या गुरुजींसारखं कागदावर राहतोय का आम्ही?"

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. "आगुदर बसा."

"बसत नाही. माझी पोरगी दीड वर्षं त्या किटलीकडे बघत बसलीय."

"म्या बी बगती तिच्याकडं," त्या म्हणाल्या. "मला काय डोळं न्हाईत?"

मग त्या उठल्या, मला हाताला धरून आत घेऊन गेल्या आणि दार अर्धवट लोटलं. दारामागच्या भिंतीत एका ओळीत खिळे ठोकलेले होते. प्रत्येक खिळ्याला एक किल्ली, प्रत्येक किल्लीला लुगड्याची चिंधी, हिरवी, जांभळी, विटकी लाल.

"ही मुंबैवाल्यांची. ही खालच्या आळीची, त्येंचा ल्योक हिंजवडीला हाय. किटली आली की आमी त्येंचं दार उगडायचं, त्येंच्या घरात ठेवलेलं त्येल घ्यायचं, त्येंच्या उंबऱ्यातनं दिवा न्ह्यायचा. मानूस कुठं बी असू दे, उंबरा हितंच हाय न्हवं?"

ओळीतला एक खिळा रिकामा होता. त्याच्याखाली भिंतीवर किल्लीएवढा काळा डाग पडला होता.

"ह्यो तुमचा," त्या म्हणाल्या. "तुमी ऱ्हाताय त्या घराचा. मालक पुन्याला जाऊन नऊ वर्सं झाली, त्या घराची पाळी कदी चुकली न्हाई. तुमी आला आन चुकली."

मी त्या रिकाम्या खिळ्याला हात लावला. त्या मात्र थांबल्या नाहीत. "तुमी कुलूप बदाललं. शनवारी जाताना किल्ली पर्समदी. त्ये जाऊ द्या, नळावर पानी आनायला जाताना बी कुलूप लावता, दोन डाव वडून बगता. आमी म्हनलं, बाईंचा आमच्यावर इश्वास न्हाई. मग त्येंचं त्येल कसं मागायचं? उद्या दिवा आन मदीच शनवार आला तर बंद दारापुढं किटली घेऊन उबं ऱ्हायचं?"

"मग सांगायचं होतं मला!" माझा आवाज चढला तो चढलाच. "दीड वर्षं गप्प बसलात सगळे?"

"पयल्या दिशी इचारलं की म्या. जुनं कुलूप काडलं व्हय म्हनून."

मला त्यांचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. एवढा मोठा प्रश्न माणूस असा ओट्यावर बसल्या बसल्या विचारतो का? पण त्याहून जास्त राग आला तो माझाच, त्या नळावर जाताना कुलूप ओढून बघणाऱ्या बाईचा. भोरला शेजारणीच्या हातात न बघता किल्ली देणारी मीच होते, आणि इथे ज्या बाईने मला दार उघडून दिलं तिला तुटायचं नाही असं कुलूप दाखवणारीही मीच. मी घरी गेले, पर्समधल्या दोन किल्ल्यांपैकी एक आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी पेटीतून एक निळी चिंधी काढली, किल्लीला गाठ मारली आणि खिळ्याला अडकवली. "पान्याला जाताना आता कडी लावली तरी चालंल," म्हणाल्या आणि परत नाचणीला बसल्या.

मी आणि पोरीने कॅलेंडर काढून हिशेब केला. आमची पाळी सोमवारी येत होती. तिने त्या चौकटीत पेनाने दिव्याची ज्योत काढली. शनिवारी आम्ही नेहमीप्रमाणे भोरला गेलो. नणंद आली होती, दोन दिवस गप्पा, जेवणं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत होते, "हो, शनिवार-रविवार येतोच ना आम्ही घरी. तिथलं काय, नोकरीपुरतं."

रविवारी संध्याकाळी खिंड उतरून परत आलो. दार उघडलं तर स्वयंपाकघरातल्या तेलाच्या डब्यापासून उंबऱ्यापर्यंत तेलाचे थेंब पडत गेलेले. वरच्या दोन घरांना भावकीत बाळ झाल्याचं सोयर आलं होतं, ती दोन्ही घरं वगळून किटली दोन दिवस आधीच आमच्याकडे आली होती. मावशींनी शनिवारी आमचं दार उघडून, आमचं तेल घेऊन दिवा लावला होता. किटली आज सकाळीच पुढे गेली होती.

मला इतकं बरं वाटलं की मी ते थेंब पुसायला फडकं घेतलं आणि तशीच बसून राहिले. पोरगी मात्र पाय आपटत मावशींकडे गेली, तिथून तशीच परत आली. तोंड लाल झालेलं. अगदी माझ्यासारखी ती दारात उभी राहिली आणि तिने मला विचारलं, "आपली पाळी होती. मग आपण घरी का नव्हतो?"