मात्रा मोजणारा नवरा

बायकोने पन्नाशीत पियानो शिकायला घेतला तेव्हा मी तिची थट्टाच केली. इथे अमेरिकेत, नोव्हायमधल्या आमच्या ओळखीच्या घरांत पियानो मुलांसाठी घेतात आणि मुलं कॉलेजला गेली की त्यावर फोटो मांडतात. आमच्याकडेही तेच झालं होतं. एके दिवशी तिने सगळे फोटो उचलून कपाटात ठेवले आणि एका म्हाताऱ्या हंगेरियन बाईंची शिकवणी लावली.

दोन वर्षांनी बाईंनी तिला आपल्या देशातली एक छोटी रचना दिली. शंभरेक वर्षांपूर्वी तिथला एक संगीतकार खेडोपाडी हिंडून शेतकऱ्यांची गाणी टिपून घ्यायचा. त्या गाण्यांच्या वळणावर त्याने ती बांधली होती. आधी संथ सूर, मग नाच, मग पुन्हा संथ. संथ भाग मोजायचा नाही, बोलायचा, असं बाईंचं सांगणं. म्हातारी माणसं जुनं काही सांगताना मध्येच थांबतात, तसा.

आता मी पडलो तबल्याच्या दोन परीक्षा दिलेला माणूस, वर इंजिनियर. ती थांबली की माझा हात मांडीवर पडायचाच. "सम चुकली," मी सोफ्यावरून सांगायचो.

"अहो, याला ताल नाहीये. प्लीज काउंट करू नका ना."

"ताल नाही तर संगीत कसलं?"

"मग आलापाला काय म्हणाल?"

मी ठेका चालूच ठेवला. हळूहळू ती माझ्या हाताबरोबर वाजवू लागली. मला वाटलं, सुधारली. ती फक्त वाद घालायला कंटाळली होती.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. आजार कळल्यापासून जेमतेम चार महिने. माझ्या फोनमध्ये तिचं एकच रेकॉर्डिंग आहे, याच रचनेचं. त्यात प्रत्येक सूर वेळेवर पडतो आणि मागे माझी थाप ऐकू येते. ते लावलं की मला स्वतःची चीड येते. तिला हवं तसं तिने वाजवलेलं मला एकदा, एकदाच ऐकायचं होतं.

म्हणून परवा बाईंकडे गेलो. एखादं रेकॉर्डिंग आहे का, विचारलं. नव्हतं. मग भीतभीत विचारलं, इथे तरी ती थांबायची का?

"थांबायची तर," बाई म्हणाल्या. "इतकी, की मला वाटायचं, विसरली. मग पुढचा सूर यायचा. दर गुरुवारी शेवटची दहा मिनिटं हेच वाजवायची. आधी उठून ती खिडकी उघडायची, बर्फ पडत असला तरी. म्हणायची, नवरा बाहेर बसलाय, त्याला ऐकू जाऊ दे."

मी खरंच बाहेर असायचो. खिडकीखालीच गाडी लावून, काचा बंद करून, पुण्याच्या टीमशी कॉलवर.