दोन महासंघ आणि एक कोपर

ठोंबी हे काही तिचं खरं नाव नव्हे. थोरल्या भावाने लहानपणी चिडवायला ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बेकरीत रोज मैदा मळून तिचे हात असे झाले होते की घट्ट बसलेली झाकणं उघडायला शेजारणी बरण्या घेऊन तिच्याकडे यायच्या. नवरा तिथेच भट्टी सांभाळायचा. लग्न झाल्या झाल्या तो एकदा तिच्याशी पंजा लढवायला बसला होता. त्यानंतर त्याने मासे पाळायचा छंद लावून घेतला.

पंजा लढवणाऱ्यांची पूर्वी एकच संघटना होती. दादा, म्हणजे हाच थोरला भाऊ, अध्यक्ष आणि तिचा धाकटा दीर सचिव. दोघांनाही उभ्या जन्मात कुणाचा हात टेबलाला टेकवता आला नव्हता, त्यामुळे संघटनेसाठी दोघांकडे वेळच वेळ होता. मग बक्षीस समारंभाच्या फोटोत मधल्या खुर्चीवर कोणी बसायचं, यावरून त्यांचं बिनसलं. दिराने वेगळी चूल मांडली आणि तिचं नाव ठेवलं ‘मूळ महासंघ’. दादाचा नुसताच महासंघ राहिला. टेबलं सारखी, नियम सारखे, मंडपवालासुद्धा एकच. नवा नियम दोघांनी तेवढा एक केला, तोही एकमेकांचा चोरून: जो दुसऱ्यांच्या टेबलावर कोपर टेकवेल त्याच्यावर बंदी, आणि बंदी असलेल्याशी जो खेळेल त्याच्यावरही बंदी.

ठोंबीने हे ऐकून घेतलं आणि दोन्हीकडे नाव दिलं. तिला खेळायचं होतं, एवढंच. एका रविवारी ती दादाकडे जिंकली, पुढच्या रविवारी दिराकडे. दोन्ही सोमवारी पेपरात तिचा फोटो आला, फक्त हातातला कप वेगळा.

भांडण झाल्यापासून एकमेकांचं तोंड न बघणारे ते दोघे पहिल्यांदा एकत्र बसले ते तिच्यावर बंदी घालायला. बैठक बेकरीच्या मागच्या खोलीत झाली, कारण बिस्किटं तिथे होती. नवऱ्यालाही बोलावलं होतं, पण एकीकडे सख्खा भाऊ आणि दुसरीकडे मेव्हणा बघून त्याने भट्टी तापल्याचं सांगितलं आणि पाय काढता घेतला.

दिराचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. “वहिनी, उद्या सगळेच दोन्हीकडे खेळले तर खरा विजेता कोण, हे लोकांना कसं कळायचं? आणि कोपर सुजलाय तुमचा, दर रविवारचं खेळणं त्याला झेपणार नाही. लपवू नका, मैदा डाव्या हाताने मळताय.”

कोपर सुजला होता खरा. तिने तो पदराखाली घेतला. मग दादाने, आम्ही तुला घडवलं, टेबल दिलं, नाव दिलं, असं बरंच सुनावलं.

“नाव तू ठोंबी दिलंस,” ती म्हणाली. “तुम्ही दोघं भांडलात तेव्हा मला विचारलं होतं का? मग मी कुठे खेळायचं हे तुम्हाला कशाला विचारू? भाऊजी, कोपराचं मी बघेन. हात माझ्या खांद्याला आहे, महासंघाच्या नाही.”

बंदी एकमताने झाली. दोघांनी हात मिळवले आणि उरलेली बिस्किटं वाटून घेतली.

त्यानंतरच्या स्पर्धेत दादाकडे इस्पितळातली धोबीण जिंकली. ओल्या चादरी पिळून तिची मनगटं लोखंडासारखी झाली होती. कप घेऊन ती दुसऱ्या दिवशी दुपारी थेट बेकरीत आली. म्हणाली, तुला हरवलं नाही तर हे भांडं घेऊन मी काय करू? ठोंबीने मैदा बाजूला सारला आणि दोघी मळायच्या ओट्यावरच भिडल्या. ठोंबी हरली. सगळ्यांदेखत, पाव घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांसमोर. तिला इतका राग आला की तिने धोबिणीला चहा दिला आणि पुढच्या सोमवारी परत यायला बजावलं.

धोबिणीने हे दादाला स्वतःच सांगितलं, लपवायचं कशाला म्हणून. नियमाप्रमाणे तिच्यावर बंदी आली. पुढच्या सोमवारी ती आणखी दोघींना घेऊन आली. त्यांच्यावर बंदी आली. मग दिराच्या मूळ महासंघातल्या बायकाही ओट्यापाशी जमू लागल्या आणि तिकडेही बंद्यांचा सपाटा लागला. शेवटी दोन्हीकडे महिला गटात खेळायला कुणी उरलं नाही. दोघे अध्यक्ष रिकाम्या टेबलांशेजारी कप घेऊन बसले. मंडपवाल्याने दादाला विचारलं म्हणे, की तुम्हीच दोघं का लढत नाही?

नियम गुपचूप मागे घेतला गेला. कुणी चूक कबूल केली नाही, तशी अपेक्षाही नव्हती.

आता ठोंबी मोकळी होती. पण कोपर डॉक्टरांना दाखवला तेव्हा दीर बरोबर होता हे निघालं, आणि हे त्याला कळू द्यायचं नाही अशी तिने नवऱ्याला तंबी दिली. महिन्यातून एकच स्पर्धा खेळायची असं तिने ठरवलं. एकदा इकडे, एकदा तिकडे, तारीख जमेल तसं. पहिल्याच खेपेला दिराकडे दुसऱ्या फेरीत ती बाहेर पडली. घरी येऊन तिने हात गरम पाण्यात बुडवला आणि नवऱ्याला म्हणाली, “त्या नव्या पोरीची पकड बघायला हवी होतीस. काय दाबते!”

नवरा माशांना खाणं घालत होता. त्याने मान हलवली, पण जवळ काही आला नाही.