आमच्या साडूंनी तोललेला कचरा

मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, या बाबतीत माझ्या थोरल्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या नागपुरात नव्हता. रेल्वेच्या मालधक्क्यावर वजनकाट्याशी त्यांची सारी नोकरी गेली आणि निवृत्त झाल्यावर तोलायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी कचरा धरला. आमच्या गल्लीतला कचरा गणपत आपल्या बैलबंडीतून न्यायचा, पलीकडच्या गल्लीत ठेकेदाराचा नवाकोरा ट्रॅक्टर यायचा. दोघांत सरस कोण, हे ठरवायला साडू रोज सकाळी घड्याळ आणि ताणकाटा घेऊन उभे. एकदा पाहतो तर काय, हे गृहस्थ पलीकडच्या गल्लीत दारोदार संत्री वाटत होते! मी हबकलोच.

"अवो, हे काय करून राहिले तुम्ही?"

"आपल्या गल्लीत संत्र्याची सालं जास्त निघून राहिली ना! वजन सारखं नसलं तं तुलना कशी होईन?" आणि लगेच दारातल्या बाईंना दम, "सालं आजच फेकजा वं, उटण्यासाठी वाळवू नोका!"

महिनाभरानं ट्रॅक्टरला दहा मिनिटं, बंडीला चाळीस, असा सुबक अक्षरातला अहवाल कोणी न मागता महापालिकेच्या कचेरीत जाऊन पोचला. आणि कोणीतरी तो चक्क वाचला! पंधरा दिवसांत गणपतची बंडी बंद. तो साडूंच्या दारात आला, तेव्हा मी तिथंच होतो.

"भाऊ, घड्याळ पायलं तुम्ही," तो म्हणाला. "ट्रॅक्टरच्या मांगं सांडते थे पायलं काय?"

 दुसऱ्या दिवशी भर रस्त्यात, खराटा घेऊन साडू ट्रॅक्टरमागे चालत होते. पाच टोपल्या भरल्या. लोक हसत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ते वाकून वाकून गोळा करतच राहिले. दुसरा अहवाल घेऊन आम्ही दोघं कचेरीत गेलो. साहेबांनी तो उघडलासुद्धा नाही. "तुमचा पहिला फार पसंत पडला आम्हाले," म्हणाले. इतक्या गोड आवाजात कोणी कोणाची भाकरी काढून घेऊ शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

गणपत बैल घेऊन नरखेडकडे आपल्या गावी गेला. साडूही मागोमाग एसटीनं गेले, माफी मागायला. परतल्यावर न राहवून मी विचारलं, "फार बोलला काय तो?"

त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "नाही गा. जेवाले बसवलं त्यानं मले."

आणि ते लहान मुलासारखे रडले.