बॅटरीआप्पा

बॅटरीआप्पांच्या धोतरात धोतर कमी आणि भोकं जास्त होती. बॅटरीतलं ॲसिड उडून पडलेली ती भोकं अंगावर घेऊन ते निपाणीच्या भर बाजारातून असे चालत, की नवं धोतर नेसलेल्या माणसाला आपलंच काही चुकलं की काय असं वाटावं. कुणी हटकलंच तर म्हणत, "वारा खेळतोय. तुमास्नी काय करायचंय?"

गावात मोटारी मोजक्या होत्या आणि त्या सगळ्या तंबाखूच्या धुरावर चालतात असा आमचा समज होता, कारण मालक बहुतेक सगळे तंबाखूचे व्यापारी. या मोटारी बंद पडल्या की आप्पांच्या पत्र्याच्या शेडसमोर येऊन उभ्या राहत. आत तेलावरचं एक इंजिन धापा टाकत बॅटऱ्या चार्ज करी. कोपऱ्यात पावसाच्या पाण्याचे रांजण झाकून ठेवलेले असत. बॅटरीत ते दुसरं पाणी घालू देत नसत. बिघाड ते कानडीत पुटपुटत शोधत, मालकाला मराठीत समजावत आणि शिव्या दोन्ही भाषांत देत.

एका वकिलांच्या गाडीची खंडेनवमीला साग्रसंगीत पूजा झाली. भटजींना बॅटरीची झाकणं उघडी दिसली, तेव्हा त्यांनी प्रत्येक भोकात पळीपळी तीर्थ सोडलं. आठ दिवसांत बॅटरीनं देह ठेवला. आप्पांनी चिमट्यानं आतून तुळशीचं पान बाहेर काढलं आणि वकिलांपुढे धरलं. "वकीलसाब, देवाचं देवाला द्यावं. हिला पावसाचं पाणी लागतंय, पुण्य न्हाय."

बिघाड शोधण्याच्या त्यांच्या ठरलेल्या पायऱ्या होत्या. "बॅटरी म्हंजे घरातला रांजण," ते सांगत. "डायनामो म्हंजे पाणी भरणारी बाई. रांजण रिकामा दिसला की लोक रांजणच बदलत्यात. अरं, ती बाई कुठं बसलीया ते बघा की आधी!" मग ते तारांची टोकं बघत, त्यांवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुऊन काढत. नंतर डायनामोचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघत. नंतर डायनामो उघडत. आणि एवढं सगळं ठीक निघालं की हात पुसून म्हणत, "आता मालक तपासाय पायजे."

हा शेवटचा तपास त्यांनी एकदा खरोखरच केला. मी त्याचा साक्षीदार आहे. खरं म्हणजे साक्षीदारापेक्षा थोडा जास्त आहे.

मी तेव्हा एका बड्या तंबाखू व्यापाऱ्याकडे इंग्रजी पत्रव्यवहार बघत होतो. त्याआधी दोन महिने मी शाळेत शिकवलं होतं, म्हणून गाव मला जन्मभरासाठी मास्तर म्हणू लागलं. माझ्या मालकांना सगळे रावसाहेब म्हणत. ही पदवी सरकारनं त्यांना अजून दिलेली नव्हती. पण सरकार उशीर करतंय म्हणून आपण कशाला खोळंबायचं, अशा विचारानं त्यांच्या नोकरांनीच ती देऊन टाकली होती.

रावसाहेबांची मोठी काळी मोटार रोज सकाळी वखारीतून निघून बाजारातून देवळापर्यंत आणि तिथून परत येई. वेग असा, की प्रत्येक दुकानदाराला उठून, चपला घालून, पुढं येऊन मुजरा करायला सवड मिळावी. शिवाय मुजरा कुणाचा चुकू नये म्हणून हॉर्न अखंड चालू. एकदा कडब्याची बैलगाडी आम्हाला मागं टाकून पुढं गेली होती. गाडीवानानं जाताजाता मुजराही केला.

या मोटारीच्या तीन बॅटऱ्या एका वर्षात मेल्या. तिसरी मेली ती शाळेच्या बक्षीस समारंभाला. रावसाहेब हार घालून गाडीत बसले आणि गाडी सुरूच होईना. हॉर्न दाबला तर म्हशीसारखा कण्हला. शेवटी हेडमास्तरांसकट सगळ्या शिक्षकवर्गानं धोतरं खोचून गाडी ढकलली. रावसाहेब आत ताठ बसून समोर बघत राहिले.

संताप निघाला तो ड्रायव्हरवर. दस्तगीर अकरा वर्षं त्यांची गाडी चालवत होता. "चांगल्या बॅटऱ्या बाहेर विकतोस आणि जुन्या आणून बसवतोस," असा त्याच्यावर आरोप आला. "उद्या कारण सापडलं न्हाय तर फौजदाराकडं देतो," रावसाहेब म्हणाले. घरी दस्तगीरची चार लेकरं आणि म्हातारी आई. तो आप्पांच्या शेडमध्ये जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी आप्पा भरलेली बॅटरी गाडीत बसवायला घेऊन वखारीत आले. तारांची टोकं पाहिली, पट्टा दाबला, डायनामो उघडून परत बसवला. सगळं ठणठणीत. मग त्यांनी हात पुसले.

"रावसाहेब, बसा गाडीत. मास्तर, तुमीबी या."

"मी कशाला?"

"म्होरल्या तबकडीत बॅटरीचा काटा हाय, त्याच्या खाली इंग्रजी लिवलंय. ते वाचाय कोन पायजे का नको?"

रावसाहेबांना इंग्रजी येत नव्हतं आणि आप्पांना कुठलंच वाचता येत नव्हतं. दस्तगीरनं गाडी सुरू केली. त्याच्या शेजारी आप्पा बसले. मागं मी आणि रावसाहेब. बाजारातून नेहमीच्या थाटात, हॉर्न वाजवत, मुजरे घेत निघालो.

"काय म्हणतोय काटा?" आप्पांनी विचारलं.

मी पुढं वाकून वाचलं. "डिस्चार्ज."

"म्हंजे बॅटरीतनं जातंय, येत काय न्हाय." गाव संपलं. "दस्तगीरा, आता सोड रं!"

तवंदी घाटाच्या रस्त्याला दस्तगीरनं अकरा वर्षांचं सगळं दाबलेलं एकदम पायात आणलं. रावसाहेबांनी एका हातानं फेटा आणि दुसऱ्यानं माझा खांदा धरला. काटा झटक्यानं पलीकडं गेला.

"चार्ज," मी ओरडलो.

येताना गाव लागलं, गाडी हळू झाली आणि काटा पुन्हा पहिल्या जागी आला. वखारीच्या दारात गाडी थांबली. हमाल, तोलारी, दोन दलाल, सगळे भोवती जमलेच होते.

"मग चूक कुणाची?" रावसाहेबांनी विचारलं.

"डायनामो पळाल्याबिगार भरत न्हाय," आप्पा म्हणाले. "तुमी मुजरा घ्याय हळू जाताय, त्यात हॉर्न खातोय. मुजऱ्यानं बॅटरी भरत न्हाय, रावसाहेब. पोरगं निर्दोष हाय."

कुणीतरी हसलं आणि ते खोकल्यात लपवलं. रावसाहेब माझ्याकडे वळले. "खरं काय मास्तर? काटा काय म्हणाला?"

मी दस्तगीरकडे पाहिलं. त्याचा हात अजून स्टिअरिंगवर होता. "काटा तसंच म्हणाला," मी म्हणालो. आयुष्यात मी दाखवलेलं शौर्य एवढंच, आणि तेही काट्याच्या आडून.

दस्तगीरची नोकरी राहिली. रोज दुपारी त्यानं मोकळी गाडी घाटापर्यंत पळवून आणायची, असा आप्पांनी उपाय सांगितला आणि रावसाहेबांनी तो मानला. दस्तगीरला पगारात असं सुख कधी मिळालं नव्हतं.

पण आप्पांची शेड रावसाहेबांच्या जागेत होती. आठ दिवसांनी त्यांनी मला नोटीस लिहायला सांगितली: ॲसिडच्या वासानं शेजारच्या वखारीतल्या तंबाखूला अपाय होतो, सबब जागा खाली करावी. इंग्रजीतच लिहा, म्हणाले. मराठीत लिहिलं की भांडण वाटतं. इंग्रजीत लिहिलं की कायदा वाटतो. मी लिहिली. सुबक लिहिली.

संध्याकाळी आप्पा तो कागद घेऊन माझ्याच दारात. "वाचा, मास्तर."

मी वाचून अर्थ सांगितला.

"तंबाखूला तरास होतोय?"

"असं लिहिलंय."

"अय्यो, बिचारी." मग कागद उजेडाकडं धरून ते बराच वेळ बघत बसले. "अक्षर लई झाक हाय. कुणाचं हो?"

मी कंदिलाची वात सारखी करू लागलो. त्यांनी परत विचारलं नाही. "दस्तगीर हाय न्हवं कामावर?"

"आहे."

"मग याला उत्तर लिवा. इंग्रजीतच. आपन काय कमी हाय?" आणि त्यांनी मजकूर सांगितला. मी उतरून घेतला, त्यांनी खाली अंगठा उठवला.

पुढं ते बेळगावला कॅम्पाकडं गेले, असं ऐकलं. मला परत भेटले नाहीत. ज्या सकाळी त्यांनी इंजिन आणि रांजण दोन बैलगाड्यांत चढवले, त्याच सकाळी वखारीच्या माडीवर रावसाहेबांनी ते उत्तर माझ्यापुढं टाकलं. "काय म्हणतोय तो?"

"जागा सोडतोय म्हणतो. आणि दस्तगीरला रोज घाटापर्यंत जाऊ द्या, त्यात खंड पडला तर बॅटरीचा दोष त्याच्यावर घालू नका, म्हणतो."

"एवढंच?"

"एवढंच."

रावसाहेबांनी कागद हातात घेतला. वाचता येत नसलं, तरी रोज माझ्या पत्रांखाली सही करून करून त्यांची नजर सरावली होती.

"अक्षर कुणाचं हे?"

खाली रस्त्यावरून आप्पांच्या गाड्यांची चाकं वाजत चालली होती.

"माझं," मी म्हणालो.