टोपण लावलेलं पेन

आमच्या अकोल्याकडच्या दवाखान्यात नर्सांच्या मनावरचा ताण अभ्यासायला एक मॅडम दर महिन्याला येतात. दगावलेल्या पेशंटचा विषय निघाला, की त्या पेनाला टोपण लावतात आणि नुसत्या ऐकतात.

परवा त्यांनी झोपेबद्दलचे फॉर्म वाटले. मी सगळ्यांत जुनी सिस्टर, म्हणून पोरी म्हणाल्या, "ताई, तुमी लिव्हा, आमी तसंच उतरवतो." मी लिहिलं, ‘झोप शांत लागते.’ आठजणींनी तेच उतरवलं.

मॅडमनी नऊही फॉर्म वाचले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "सिस्टर, त्या बाळंतिणीनंतरसुद्धा?"

ती दगावल्यापासून माझी झोप उडालीय, हे मी रडून फक्त त्यांनाच सांगितलं होतं. माझी मान वर होईना.

पलीकडे आठ पोरी हसत कामाला लागल्या होत्या. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.