काचेपलीकडचा जॉबर

जॉबर तोंडातून आवाज न काढता भांडू शकत असे. निजामपुऱ्यातल्या आमच्या यंत्रमाग कारखान्यात चोवीस लूम एकदम धडधडायचे, तिथे घसा फोडून काही उपयोग नव्हता. सगळेच हातांनी आणि ओठांनी बोलत. पण जॉबर त्या भाषेत शिव्या द्यायचा, मालकाची चाल करून दाखवायचा, अख्खा सिनेमा सांगायचा. बिघडलेला लूम दुरुस्त करणाऱ्याला आमच्याकडे जॉबर म्हणतात. हा तेव्हा माझ्यासारखाच साधा कामगार. पण शेजारचा लूम अडखळला की याला राहवत नसे. त्यामुळे नाव आधी पडले, काम नंतर मिळाले.

आम्ही दोघेही खारबावचे. मी सकाळी कॉलेज करून शिफ्टला यायचो. परीक्षेचे पेपर मात्र दुपारी, ऐन शिफ्टमध्ये. वेळ झाली की मी माझ्या चार लूमकडे दोन बोटे दाखवायचो आणि मग तळहात छातीवर ठेवायचो. ‘माझे लूम बघ, मी येतोच.’ जॉबर मनगट झटकायचा. ‘जा रे!’ मग तीन-साडेतीन तास तो एकटा आठ लूमवर धावायचा. परत आलो की घामाने निथळत ओठांनीच विचारायचा, “काय मास्तर, कसा गेला?” मी मास्तर झालो पुष्कळ वर्षांनी. आमच्या घरात माझ्याआधी सातवीपुढे कोणी गेले नव्हते. पदवीच्या कागदावर माझे एकट्याचे नाव आहे, हे मला आजही अपुरे वाटते.

पुढे तो नैरोबीच्या एका कापड गिरणीत गेला आणि तिथलाच झाला. गेली दोन वर्षे मात्र मी फोन केला की कापायचा आणि लगेच मेसेज यायचा, ‘लिही.’ मला ते लागले होते. आम्ही दोघेही याच वर्षी निवृत्त होणार, आणि त्याचा मुलगा त्याला कॅनडाला बोलावत होता. तो गावी आला नाही तर माझ्या निवृत्तीत राम नव्हता. त्यामुळे माझ्या मुलीने तिकीट काढून दिले तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो. पिशवीत सुकट, तांदळाचे पापड आणि निवृत्तीनंतरच्या आमच्या दोघांच्या बेतांची वही.

विमानतळावर तो समोरच उभा होता. मी “जॉबर! अरे जॉबर!” म्हणून ओरडलो, तरी हा भलतीकडेच बघतोय. मग नजरानजर झाली आणि लांबूनच त्याचे हात सुटले, ‘केवढा सुटलास! चहा झाला का?’ मी पिशवी खाली टाकून हातांनीच उत्तर दिले. बाजूची माणसे वाट सोडून आमच्याकडे बघत राहिली.

घरी वहिनींनी उलगडा केला. “रागानं नव्हते हो फोन कापत, भावजी. ऐकायलाच येत न्हाय. सांगायची लाज.”

“कानाचं मशीन हाय की!” जॉबर आमचे ओठ वाचून म्हणाला. “पण त्यात मानसं कमी न् चमचेच जास्त वाजतात.”

चार दिवस आम्ही वहीवर तुटून पडलो. त्याची गावातली खाडीकडची जागा, माझी मोकळी दुपार. मी भेंडी लिहिली की तो खोडायचा, “शिराळी लाव, मास्तर. बांधावर शेवगा. आन् एक शेड. पोरांना मशीन खोलायला शिकवू.” शेडचे माप त्याने पट्टीने काढले. खिडकी कुठे, यावर आमचे दोनदा भांडण झाले. चहा गार होत होता आणि वहिनी म्हणत होत्या, “लग्न ठरल्यागत नाचताय दोघं!”

पाचव्या दिवशी सकाळी त्याने वही मिटली. “न्हाय रे. गावात लोक कानाशी ओरडनार. बहिरा आला म्हननार. पोराकडं बर्फात गेलो, तर निदान हसनारा वळखीचा नसंल.”

मी हातांनीच सांगितले, ‘स्टेशनासमोरच्या कट्ट्यावर रोज कोण बसतं, ठाऊक आहे? आपली शिफ्ट. सहा जण. एकालाही नीट ऐकू येत नाही. परवा एक पाव्हणा त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला लागला, तर सगळ्यांनी मिळून त्याला खूण केली, हळू बोल, कान फुटतील आमचे!’

जॉबर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. सहाही जणांची नावे विचारली, कोण कुठे बसतो तेही विचारले. पण हो म्हणाला नाही. “बघू,” एवढेच बोलून ड्युटीवर गेला.

परतीच्या दिवशी विमानतळाच्या दारावरच्या शिपायाने त्याला बाहेरच अडवले. मी आत, तो जाड काचेपलीकडे. वही मी मुद्दाम त्याच्या घरी टेबलावर ठेवून आलो होतो. धीर करून मी हातानेच विचारले, ‘काय ठरलं?’

त्याने शर्टाच्या आतून वही काढून दाखवली. दोन बोटे वहीकडे केली. मग तळहात छातीवर ठेवला.

माझे सामान कधीच पुढे गेले होते, मागची रांग खोळंबली होती. मी हात उंच केला आणि त्याच्यासारखेच मनगट झटकले.